आरबीएसकेची गाडी येऊन गेल्यानंतर

गेल्या महिन्यात शेजारच्या केंद्रातल्या एका शिक्षिकेचा फोन आला. त्यांच्या वर्गातल्या पहिलीच्या एका मुलाच्या आरबीएसकेच्या, म्हणजे सरकारी आरोग्य तपासणीच्या, कार्डावर डॉक्टरांनी 'मर्मर' (हृदयाच्या ठोक्यांमधला जादा आवाज) लिहिलंय, आता पुढे काय करायचं असतं? मी सांगत गेले, त्या लिहून घेत गेल्या. पाऊण तास गेला. फोन ठेवल्यावर वाटलं, हे एकदा नीट लिहूनच काढावं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये मला हे सांगणारं कुणी भेटलं असतं तर निदान तीन हेलपाटे वाचले असते.

मी बीड जिल्ह्यात, धारूरच्या बाजूच्या डोंगरपट्ट्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. पहिली ते चौथी, पट ४३, शिक्षक दोन. ज्या मुलीबद्दल लिहितेय तिचं नाव इथे देत नाही. आजी तिला चिमणे म्हणते, तेच चालवते. तेव्हा ती तिसरीत होती. वय आठ, वजन १७ किलो. आईवडील ऊसतोडीला जातात. दिवाळी झाली की टोळीबरोबर कारखान्याला, ते पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावरच परत. तोवर चिमणी आजीजवळ.

तिच्या दुसरीच्या नोंदवहीत शारीरिक शिक्षणापुढे माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे: 'खेळात भाग घेण्याचा कंटाळा करते.' वर्णनात्मक नोंदी करायला बसलं की अशी वाक्यं पेनातून आपोआप उतरतात. लंगडी सुरू झाली की ही कडुनिंबाखाली जाऊन बसायची. परिपाठाला उभी असली तरी प्रतिज्ञा संपायच्या आत खाली टेकायची. सर्दी-खोकला तर बारमाही. मला वाटायचं, खाणं कमी पडतंय, त्यानं अशक्तपणा आहे. सोमवारची गुलाबी लोहाची गोळी मी तिला खिचडी खाल्ल्यावर आठवणीनं द्यायचे, जंताची गोळी चावून खाल्ली का ते समोर उभी राहून बघायचे, आणि आपलं काम झालं असं समजायचे. ती ओळ आता खोडता येत नाही. रेकॉर्ड आहे.

आरबीएसके म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून तो देशभर सुरू झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतची मुलं त्यात येतात. अंगणवाडीत पथक वर्षातून दोनदा येतं, शाळेत एकदाच. त्या दिवशी जे पोर शेळ्यांमागे गेलं किंवा मामाकडे गेलं, त्याची तपासणी गेली वर्षभरावर. म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रातून पथकाची तारीख आधी काढून घ्या आणि आदल्या संध्याकाळी एक चक्कर गावातून मारा. मी मारली होती. ४३ पैकी ४० हजर होते.

२२ ऑगस्ट, गुरुवार. गाडीतून चौघं उतरली. दोन डॉक्टर, एक बाई आणि एक पुरुष, एक परिचारिका आणि एक औषधवाले. उंची, वजन, भिंतीवर डोळ्यांचा तक्ता. एकाला चष्मा लागणार निघालं, दोघांचे कान वाहत होते, रक्त कमी असलेली पाच-सहा, किडलेले दात तर निम्म्या वर्गाचे. सगळं पटापट चाललं होतं. चिमणीची पाळी आली. डॉक्टर मॅडमनी छातीला स्टेथोस्कोप लावला आणि त्या थांबल्या. बाकीच्यांना अर्धं मिनिटही लागत नव्हतं. पाठीला लावला, परत पुढे लावला, मग मान वर न करताच मला म्हणाल्या, "मॅडम, मुलांना जरा बाहेर काढा ना. ऐकू येत नाहीये."

मी सगळ्यांना पटांगणात पिटाळलं. दुसऱ्या डॉक्टरांनीही ऐकलं. चिमणी फ्रॉक गळ्यापर्यंत धरून उभी, नजर माझ्याकडे. मॅडमनी नळ्या माझ्या कानात घातल्या. आधी काही कळेना. मग दोन ठोक्यांच्या मध्ये बारीकसा आवाज लागला, चुलीत हळूच फुंकणी मारल्यासारखा.

त्यांनी नीट समजावलं. मर्मर म्हणजे दरवेळी आजारच असतो असं नाही, कित्येक मुलांत तो निर्दोष असतो. पण इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केल्याशिवाय सांगता येत नाही. कार्डावर खूण केली, संदर्भ चिठ्ठी लिहिली. माझा पहिला सल्ला हाच, त्या चिठ्ठीचा आणि कार्डाच्या दोन्ही बाजूंचा फोटो तिथेच काढा आणि पथकातल्या डॉक्टरांचा नंबर घ्या. पुढचे पाच महिने तोच नंबर माझ्या कामी आला. दोन्ही बाजू वाचा असंही म्हणेन. मी वाचल्या नाहीत, त्याचं पुढे येईलच.

संध्याकाळी घरी गेले. वडील म्हणाले, "बाई, हसतीया, जेवतीया. काय झालंय तिला?" त्यांचं चुकत नव्हतं. त्यांनी टोळीच्या मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेतली होती, तीही घराच्या पत्र्याला लागून गेली होती. दिवाळीनंतर कोयता हलला नाही तर ती फिटायची कशी, हा त्यांच्यापुढचा खरा प्रश्न होता. आजी मात्र उठून माझ्याजवळ येऊन बसली. "लेकराचं काळीज धडधडतंय, ह्ये मला ठावं हाय वो. रातच्याला माझ्या हाताला लागतंय." दोन वर्षं मी तिला शिकवत होते आणि आजीला हे कधी विचारलं नव्हतं.

इकोचं शिबिर महिनाभरानं, २४ सप्टेंबरला जिल्हा रुग्णालयात. बाहेरून हृदयाचे डॉक्टर ठरावीक दिवशीच येतात, त्यामुळे ही तारीख चुकली की पुढची. सकाळी साडेसहाला पथकाची गाडी फाट्यावर आली. तालुक्यातली चार मुलं, त्यांचे पालक आणि मी. खर्च शून्य. बरोबर भाकरी-चटणी, पाण्याची बाटली, बिस्किटं आणि रंगीत खडू ठेवा, कारण थांबावं फार लागतं. आमचा नंबर ३१ होता. सकाळी साडेनऊला केसपेपर निघाला आणि आम्ही आत गेलो दुपारी अडीचला. रडणाऱ्या लेकराचा इको नीट होत नाही, म्हणून झोपलेल्या तान्ह्यांना मध्येच आत घेत होते. तेव्हा राग आला होता. आता कळतं की बरोबरच होतं.

डॉक्टरांनी केसपेपरच्या मागे हृदय म्हणून चार खोल्यांचं घर काढलं आणि वरच्या दोन खोल्यांमधल्या भिंतीला पेनानं भोक पाडलं. एएसडी, १८ मिलिमीटर. जन्मापासूनचं. फुप्फुसांकडे नको इतकं रक्त जातं, म्हणून सारखा खोकला, म्हणून दम, म्हणून वजन वाढत नाही. या प्रकारात लहानपणी फार काही दिसत नाही, शाळेच्या वयात असंच कुणाच्या तरी कानाला लागतं. मांडीच्या शिरेतून भोक बंद करणारी छत्री (छत्रीसारखी उघडणारी चकती) नेऊन बसवता आली तर उत्तम, नाहीतर ऑपरेशन, ते मोठ्या रुग्णालयात ठरेल. घाई नाही, पण वर्षं घालवू नका. वडील सगळं ऐकून एवढंच म्हणाले, "किती?" डॉक्टर म्हणाले, "पैसे नाही लागणार. कागदं लागतील."

तर आता कागदं.

जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र नावाचा एक विभाग जिल्हा रुग्णालयातच असतो, लोक डीईआयसी म्हणतात. तिथल्या ताईंनी यादी दिली. मुलीचं आधार, रेशनकार्ड, जन्माचा दाखला, शाळेचं बोनाफाईड, फोटो, संदर्भ चिठ्ठी, इकोचा रिपोर्ट. ऑपरेशन महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतून होणार होतं. जुलै २०२४ पासून ती योजना सगळ्या रंगांच्या रेशनकार्डांना लागू झालीय, पण म्हणून कार्डावर मुलीचं नाव नको असं नाही. आमच्याकडे कार्ड केशरी होतं आणि चिमणीचं नाव त्यावर नव्हतंच. आधार होतं ते निळं, बाल आधार, अंगणवाडीत असताना काढलेलं. पाच वर्षांनंतर बोटांचे ठसे देऊन ते अद्ययावत करायचं असतं, ते केलेलंच नव्हतं. शिवाय आधारवर नाव घरचं, आणि शाळेच्या दाखल्यावर आधीच्या गुरुजींनी लिहिलेलं 'शाळेचं' नाव. जन्मदाखला तर कुणी पाहिलेलाच नव्हता.

मी आधी रेशनच्या मागे लागले. तहसीलला गेले, पुरवठा शाखेत सांगितलं, आधार बरोबर करून आणा. आधार केंद्रावर गेलो, नाव बदलायला जन्मदाखला आणा. दोन दिवस आणि दोन रजा अशा गेल्या. ज्यांना हे करायचंय त्यांनी क्रम लक्षात ठेवा, जन्मदाखला, मग आधार, मग रेशन. उलटं गेलात की परतच यावं लागतं.

जन्मदाखल्याची वेगळीच गंमत. नोंद जन्म जिथे झाला तिथल्या दप्तरी असते. चिमणी झाली तोडीच्या हंगामात, सांगली जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्यात. आजीच्या पेटीत लुगड्याच्या घडीत दवाखान्याचं पिवळं पडलेलं कार्ड सापडलं, त्यावर तारीख आणि गाव. वडील तेवढं कार्ड घेऊन गेले आणि दोन दिवसांनी दाखला घेऊन आले. त्यात बाळाच्या नावाची जागा कोरी. नाव पंधरा वर्षांपर्यंत घालता येतं, पण अर्ज तिथेच करावा लागतो. म्हणजे ते परत गेले, या वेळी माझं बोनाफाईड आणि आईची सही घेऊन. एका मुलीचं नाव लिहायला बापाचे चार दिवस मोडले. या दाखल्याची गरज पडेल हे सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातच कुणी सांगितलं असतं तर एका फेरीत काम झालं असतं.

१० ऑक्टोबरला आधारला ठसे दिले, शंभर रुपये. १४ ला रेशनमध्ये नाव चढवायचा अर्ज दिला. १५ ऑक्टोबरला विधानसभेची निवडणूक जाहीर झाली, आचारसंहिता लागली आणि पुरवठा शाखेतले कारकून निवडणुकीच्या कामाला लागले. मीही लागले. प्रशिक्षणं दोन, १९ नोव्हेंबरला पेट्या घेऊन केंद्रावर मुक्काम, २० ला मतदान, घरी पोचायला रात्रीचे दोन. अर्जाची पावती पर्समध्ये तशीच. आमच्या गावातल्या टोळ्या मतदान करूनच निघाल्या. २२ तारखेला चिमणीचे आईवडील ट्रकमध्ये बसले. आईनं निघताना माझ्या हातात एक कोरा कागद दिला, खाली सही केलेला. "काय लागलं तर लिवा." मी तो परत दिला. ऑपरेशनच्या संमतीसाठी आई किंवा वडील स्वतः हजर लागतात, कोऱ्या कागदाचा उपयोग नसतो. पण तो कागद घेताना जे वाटलं ते लिहिता येत नाही.

२८ नोव्हेंबरला ऑनलाइन बाराअंकी नंबर टाकल्यावर कार्डावर चिमणीचं नाव दिसलं. त्याची प्रिंट काढली. डीईआयसीच्या ताईंनी पुण्यातल्या एका धर्मादाय रुग्णालयाची तारीख घेतली, ९ डिसेंबर.

आता माणसं जमवायची. आजी, चिमणी आणि मी बीडहून वाकडेवाडीला उतरणार, आई सांगलीकडून स्वारगेटला. आईनं पुणं कधी पाहिलेलं नाही. मुकादमाला मी फोन केला. तो वाईट बोलला नाही, पण नियम सांगितला. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, बाई गेली की अर्धा कोयता राहतो, दिवसाचा खाडा पडतो, तो उचलीत धरला जाणार. मी गप्प बसले. हे माझ्या हातातलं नव्हतं. आईला सांगितलं, स्वारगेटला उतरल्यावर कुणाबरोबर जाऊ नका, चौकशीच्या खिडकीजवळ उभ्या राहा. सकाळी सातला मी गेले तर ती खिडकीला पाठ लावून उभी होती, पहाटे चारपासून. पायात चिखलाच्या चपला आणि हातात पिशवी, पिशवीत उसाची दोन कांडकी, चिमणीसाठी.

त्या दिवशी पुन्हा इको झाला. भोकाची खालची कड पुरेशी नाही, छत्री धरणार नाही, ऑपरेशनच करावं लागेल. आजीनं विचारलं, "छाती फाडत्यात व्हय?" तरुण डॉक्टर होते, ते खाली तिच्याशेजारी बसले आणि हो म्हणाले. मला ते आवडलं. उगाच 'छोटंसं ऑपरेशन आहे' वगैरे नाही.

मग भूलतज्ज्ञांनी तपासलं. छातीत कफ आहे, असं पोर भुलीखाली घेणार नाही. दातांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. खालच्या दोन दाढा किडलेल्या, एकीच्या मुळाशी पू. तोंडातले जंतू रक्तातून हृदयापर्यंत जाऊ शकतात, दाढा नीट करून या. नवी तारीख ६ जानेवारी. परत जा.

आई तिथल्या पायरीवर बसून रडली. तीन दिवसांचा खाडा, येण्याजाण्याचं भाडं, आणि हातात काही नाही. मी चिडले होते, कुणावर ते कळत नव्हतं. रात्री बसमध्ये फाईल चाळताना २२ ऑगस्टचं कार्ड मिळालं. मर्मरच्या खुणेच्या खाली, दुसऱ्या बाजूला, त्याच पेनानं केलेली दुसरी खूण होती. दंतक्षय. साडेतीन महिने ती माझ्या फाईलमध्ये होती. इको झाल्याच्या दुसऱ्या दिवशी मी दाढा दाखवल्या असत्या तर ही फेरी वाचली असती. तेव्हा हृदयाचं काही निघालं असेल तर दात आधी दाखवा. हे कुणी आपणहून सांगत नाही.

१२ डिसेंबरला ग्रामीण रुग्णालयात एक दाढ काढली, दुसरी भरली. कफासाठी औषध, आणि आजीला सक्त सांगितलं की चुलीपाशी तिला बसू द्यायचं नाही. थंडीत चुलीपाशी न बसणं म्हणजे काय ते आमच्याकडच्यांना विचारा. शाळेत मी तिला सर्दी झालेल्यांपासून लांब, दाराजवळ बसवलं. सहकारी सर म्हणाले, "आता वर्गात शिंकायला पण परवानगी लागणार." पण तेही शिंकणाऱ्याला बाहेर काढायचेच.

६ जानेवारी २०२५, सोमवार. दाखल. रुग्णालयात योजनेच्या खिडकीवर आरोग्यमित्र असतात, पहिल्यांदा त्यांच्याकडेच जा. मूळ कागद दाखवायचे, झेरॉक्स द्यायच्या, पेशंटचा फोटो निघतो, मग मंजुरीसाठी सगळं ऑनलाइन वर जातं. आमची मंजुरी दुसऱ्या दिवशी दुपारी आली. तपासण्या, औषधं, पेशंटचं जेवण आणि घरी परतायचं भाडंसुद्धा योजनेत येतं. मध्ये एकदा एका औषधाची चिठ्ठी हातात पडली, बाहेरून आणा, ४८० रुपये. आईनं पदराची गाठ सोडलीसुद्धा. मी आधी आरोग्यमित्रांना दाखवली, त्यांनी वर जाऊन काय सांगितलं माहीत नाही, औषध आतूनच आलं. भांडायची गरज पडत नाही, विचारायची पडते. तरीही अडलं तर योजनेचा १५५३८८ हा क्रमांक आहे, तो लावा.

रक्तासाठी चार जण हवे होते. गावातली पोरं चाकणला कंपनीत आहेत. एकाला फोन केला, रात्रपाळी करून सहा जण सकाळी थेट हजर. रक्तपेढीतल्या बाईंनी त्यांना हाकलून लावलं, "जागरण करून आलेल्यांचं घेत नाही. झोपा, जेवा, मग या." सगळी पोरं रुग्णालयाच्या बाहेर झाडाखाली ओळीनं झोपली आणि चार वाजता येऊन देऊन गेली. जाताना एकानं चिमणीला कंपनीची टोपी दिली. ती तिनं आयसीयूत जाईपर्यंत काढली नाही.

९ तारखेला सकाळी आठला आत नेलं. आजी माळ ओढत होती, आई भिंतीकडे बघत होती, मी विद्यार्थी लाभाच्या याद्या घेऊन बसले होते आणि एकही ओळ पुढे सरकली नव्हती. दीड वाजता सर्जन बाहेर आले. झालं, छान झालं. हृदयाभोवतीच्या तिच्याच आवरणाचा तुकडा घेऊन भोक बंद केलं. आजी साठ वर्षं वाकळा शिवतेय. तिनं ते लगेच घेतलं. "म्हंजी ठिगळ लावलं. अन् तिच्याच कापडाचं लावलं ते ब्येस केलं. जुन्याला नवं कापड लावलं की ओढ घेतंय." सर्जन हसले आणि म्हणाले, अगदी तेच.

माझी रजा संपली, मी १० ला रात्री निघाले. पुढचं फोनवर. दोन दिवस आयसीयू, मग वॉर्ड. संक्रांत वॉर्डातच झाली, परिचारिकांनी मुलांना तिळगूळ वाटला. १६ जानेवारीला सोडलं. जखम दाखवायची एक फेरी २७ ला झाली.

पैशाचा हिशेब विचारतात म्हणून देते. ऑपरेशन आणि रुग्णालय, शून्य. सगळे मिळून येण्याजाण्याचे साधारण ४,२००, त्यातही बायकांना एसटीचं अर्धं तिकीट आहे म्हणून इतक्यात भागलं. सोबतच्या माणसांचं जेवण-चहा ३,६००. झेरॉक्स, फोटो, आधार, प्रिंटा, ७०० च्या आसपास. साडेआठ हजार धरा. ते गावानं मिळून जमवले. यात आईचा खाडा धरलेला नाही. तो सगळ्यात मोठा आकडा आहे आणि तो कुठल्याच योजनेत बसत नाही. मार्चअखेर टोळी परत आली तेव्हा मी विचारलं, किती फिटायचं राहिलं? वडील म्हणाले, "व्हईल पुढच्या साली."

२४ फेब्रुवारीला चिमणी शाळेत आली. छातीचं हाड जुळायला सहा ते आठ आठवडे लागतात आणि जड काही उचलायचं नाही, म्हणून दप्तराचे दोन भाग केले. पुस्तकांचा एक संच शाळेत आणि घरी न्यायला एकच वही. काखेत हात घालून तिला उचलायचं नाही हे मोठ्या मुलींना शिकवलं. त्यांना लहानग्यांना उचलायची फार हौस. शरीरातलं पाणी कमी करणारं एक औषध चालू होतं, त्यानं तिला सारखं लघवीला जावं लागायचं. न विचारता उठून जायची मुभा दिली आणि मुलींच्या शौचालयात पाण्याची बादली भरलेली आहे ना हे रोज सकाळी बघायला लागले. डॉक्टरांनी सांगितलं होतं, ताप, उलट्या किंवा धाप दिसली तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही. ते कागदावर लिहून फळ्याच्या बाजूला आणि आजीच्या देव्हाऱ्यात, असं दोन ठिकाणी लावलं. आजीला वाचता येत नाही, पण शेजारच्या सातवीतल्या पोराला येतं.

पोरांना व्रण बघायचा होता. आजीनं गळाबंद झंपर शिवला होता, पण तिसऱ्याच दिवशी मधल्या सुट्टीत चिमणीनं वरचं बटण काढून सगळ्यांना दाखवला. "चेन हाय चेन," एक जण ओरडला, "बॅगेची असती तशी!" मी रागवायला पुढे झाले तर चिमणीच हसत होती. आठवडाभर ती 'चेनवाली' होती, मग पोरं विसरली. एका आईनं मात्र येऊन विचारलं की हे लागट तर नसतं ना. बायकांना बोलावून घेतलं आणि केसपेपरवरचं ते चार खोल्यांचं घर फळ्यावर काढलं.

सहा महिन्यांचा इको १५ जुलैला जिल्हा रुग्णालयातच झाला. भोक बंद, हृदयाचा आकार कमी होतोय, खेळायला हरकत नाही. वजन २० किलो. या खेपेला आमचा नंबर ४ होता, कारण मी आता पहाटेची पहिली एसटी धरते.

१९ ऑगस्टला पथकाची गाडी परत आली. त्याच डॉक्टर मॅडम. चिमणी चौथीत, रांगेत सगळ्यांत पुढे उभी, बटण आधीच काढलेलं. मॅडमनी बराच वेळ ऐकलं, मग म्हणाल्या, "आता आ कर." टॉर्च मारला, कार्ड उलटं केलं आणि खूण केली. दंतक्षय, वरची डावी. मी तिथल्या तिथे दोन्ही बाजूंचा फोटो काढला. टोळी निघायच्या आत दाखवून यायचंय. ग्रामीण रुग्णालयात दातांचे डॉक्टर मंगळवारी आणि शुक्रवारी असतात.